रांगेतलं हेल्मेट

किबुयेच्या बाजाराकडे वळताना
गिऱ्हाईक एक, बोडा दोन,
आणि मध्ये बकरी.
मला आठवते ती फक्त बकरी,
गळ्यात निळ्या चिंधीचा पट्टा.
बाकीचं लोकांनी सांगितलं,
दर वेळी थोडं वेगळं.
दुसरी बोडा आबोन्योची होती
हे मात्र सगळ्यांनी सारखंच सांगितलं.

बावीस दिवस दवाखाना.
मांडीत सळी, पाच स्क्रू.
बिल भरल्याशिवाय सोडेनात,
तेव्हा स्टँडवरचे बारा जण
पिवळी जॅकेटं पसरून चौकात उभे राहिले.
नाणी पडली, नोटा पडल्या,
एका म्हातारीने दोन कांदे टाकले.
ओगोलाने वहीत कांदेही लिहिले.
ओगोला आमचा खजिनदार,
त्याच्या वहीला पोलीससुद्धा वचकून असतात.

मग घर. दाराशी ओढलेली खाट.
तिथून नाम लोल्वेचं पाणी दिसतं,
नखाएवढं.
अपोंडी पहाटे मासळी वाळवायला जाते
आणि दिवस माझ्या अंगावर बसून राहतो.
संध्याकाळी मात्र कुणी ना कुणी येतंच.
वळणावरच मी ओळखतो:
हा ओदियावो, चेन सैल.
हा न्यांगवेसो, सायलेन्सरला भोक.
‘माझी पावलं कधी ओळखलीस अशी?’
अपोंडी विचारते.
मी पेजेच्या वाटीत तोंड घालतो.

नाचणीची पेज तेच करतात, गुठळ्यांची.
कुबडी माझ्या मापाची नव्हती,
तर करवतीने कापली,
मग जास्तच कापली म्हणून
खाली टायरचा तुकडा ठोकला.
आता मी चालतो तेव्हा
एक चाक तरी जमिनीवर असतं.

आठवड्याला ओगोला येतो, वही उघडतो,
‘सही कर’ म्हणतो.
कसले पैसे?
तुझ्या फेऱ्यांचे.

तेव्हा कळलं.
माझं हेल्मेट, डाव्या कानाशी तडकलेलं,
रोज सकाळी रांगेत ठेवतात.
गिऱ्हाईक गेलं की रांग सरकते,
हेल्मेटही पायाने पुढे सरकवतात.
त्याचा नंबर लागला की
मागचा माणूस ती फेरी मारून येतो,
पैसे हेल्मेटात टाकतो
आणि पुन्हा आपल्या नंबराला उभा राहतो.
गेल्या सोमवारी हेल्मेटने नऊ फेऱ्या केल्या.
मी असताना
सोमवारी सात व्हायच्या.

आणि एक जण रात्री येतो,
सगळे गेल्यावर.
त्याचं इंजिन मी कधीच ऐकलं नाही.
वळणापासूनच तो गाडी ढकलत आणतो.
खाटेखालचं भांडं नेतो, घासतो,
भिंतीशी पालथं घालतो, जातो.
बोलत नाही. मीही नाही.
पोरगंच आहे, मिसरूड फुटतंय.
रागाला ताकद लागते, आणि माझी सगळी
गुडघा वाकवण्यात जाते:
काल इतका,
आज त्याहून बोटभर.

नव्वदाव्या रात्री का कोण जाणे
ते भांडं ठेवताना त्याच्या हातून पडलं,
घरंगळत गेलं, अपोंडी दचकून उठली,
आणि मला हसू आलं.
बरगड्या दुखेपर्यंत हसलो.
तो तसाच उभा, ओल्या हातांनी.
म्हणालो, ‘आबोन्यो,
उद्या गाडी चालू ठेवून ये.’

आला. भर सकाळी, हॉर्न वाजवत.
आयुष्यभर पुढे बसलेला माणूस मी,
मागे बसल्यावर हात कुठे ठेवावा कळेना.
कुबडी आडवी धरली दोघांच्या मध्ये.
ते वळण आलं.
बकरी नव्हती. खड्डा होता,
आधीपेक्षा मोठा.
मी त्याचा खांदा पकडला.
खांदा थरथरत होता, की हात,
दोघांनीही पाहिलं नाही.

स्टँडवर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत.
न्यांगवेसो जरा जास्तच वेळ
आरसा पुसत बसला.
मी लंगडत रांगेशी गेलो,
माझ्या जागेवर हेल्मेट होतं, पाचवं.
उचलायला वाकलो
तर ओगोला वहीतून मान वर न करता म्हणाला,
‘हात लावू नकोस,
त्याचा नंबर आहे.
तू मागे.’

कुबडी टेकली.
सहावा उभा राहिलो.