वास येईस्तोवर

शकूताईच्या वहीत कुठेच मिनिटं नाहीत.
बेडगी दोन किलो, संकेश्वरी एक,
धणे अर्धा, दगडफूल मूठभर
(तिची मूठ, माझी नव्हे; यावरून आमचं दरवर्षी वाजायचं)
आणि प्रत्येक ओळीपुढे तिरप्या, घाईच्या अक्षरात
एकच सूचना:
वास येईस्तोवर भाजणे.

दोन उन्हाळे विकतच्या पुड्यांवर काढले.
तिसऱ्या उन्हाळ्यात पिशव्या घेऊन लालबागला उतरले.
पत्र्यांवर तीच लाल धूळ, डंकांची तीच धडधड.
पावशे तराजूमागून म्हणाले,
"बऱ्याच दिवसांनी, वहिनी. सगळं ठीक ना आता?"
हो.
"ताई नाही आल्या?"
मी धण्यांच्या गोणीकडे बघत राहिले.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
वेलची थोडी जास्त टाकली,
तिचे पैसे लावले नाहीत.

हो म्हणायची सवयच लागलीय.
लिफ्टमध्ये सातवं माणूस शिरतं: हो, या की, मावाल.
साखरपुड्याला मावश्या गळ्यात पडतात: हो, किती बरं वाटलं.
दुधाच्या पिशव्या आता नाही ना धूत?
छे.
(धुते. पहाटे, कुणी उठायच्या आत,
नळ बारीक सोडून.)

डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या होत्या:
लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब.
म्हणाले, रोज सकाळी आठवत आठवत हुंगा.
मी हुंगते. आठवतं सगळं,
फक्त वास येत नाही.
गोरेगावचा तो मैदानाएवढा मांडव आठवतो,
फाटकावरचा दोर,
आत ताई, आणि ताईचा फोन, अकरा टक्क्यांवर,
आणि त्यावरून आलेलं शेवटचं वाक्य:
गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात. संध्याकाळी उचल.

उचलल्या.
ओंजळभर नाकाशी धरल्या,
तेव्हा कळलं.
कागदाच्या असाव्यात तशा होत्या.

तर आता भट्टीपाशी रांग.
रघुवीर कढईत उलथणं फिरवतो, मान वर न करता विचारतो,
"बाई, कधी उतरवायचं ते सांगा हां,
नंतर करपलं म्हणू नका."
हो, म्हणते मी.
मिरच्या काळपट होतायत की माझ्या डोळ्यांपुढेच अंधारतंय?

एवढ्यात रांगेतला एक पोरगा शिंकला.
आणि अख्खी रांग थिजली.
पावलं मागे सरली, पदर, रुमाल, तळवे तोंडावर,
जणू कुणी आतून दोरी ओढली.
मग दुसरी शिंक. मग तिसरी, पावशांची, दुकान हलवणारी.
मग कोणीतरी खुदकन हसलं:
अरे, मिरची आहे!
आणि सगळे शिंकत, हसत, डोळे पुसत सुटले,
मीही.
घशात आग उतरली, नाकातून पाणी,
वास नाही, पण ठसका खरा, माझाच,
आणि त्याच्यामागून जे बाहेर आलं
ते मिरचीचं नव्हतं.

शेजारची बाई पाठीवरून हात फिरवत होती.
अनोळखी. हातात हिरव्या बांगड्या, काखेत स्टीलचा डबा.
तीन वर्षांत पहिल्यांदा
मी हो म्हणाले नाही.
म्हटलं, मला वास येत नाही.
हा मसाला माझ्या नणंदेचा आहे.
आला की सांगाल?

तिने कारण विचारलं नाही.
डबा माझ्या हातात दिला, कढईवर वाकली,
डोळे मिटले.
रघुवीरचं उलथणं हळू झालं.
"थांब," ती म्हणाली.
"अजून नाही.
थांब हां, येतोय...
थोडा अजून...

आता."