रुपेरी अंगठा

जुनी पुस्तकं निकाली काढायचं काम
शेवटी माझ्याच वाट्याला आलं.
वाचनालयाच्या तळघरात बसून एकेक उघडते,
शिक्का मारते : रद्द.

शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात
पानाच्या खालच्या कोपऱ्यात
एक अंगठा उमटलेला. रुपेरी.
पुलांना लावतात त्या रंगाचा.

साकेलारिस माग्लिस.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नोकरीत नवी,
भट्टीवर राबणाऱ्या स्लोव्हाक बापाची मुलगी.
तो पावणेसातला यायचा,
टोपी काखेत, भुवयांत ॲल्युमिनियमची धूळ.
मी म्हणायची, हात पुसा.
तो म्हणायचा, पुसले.
टर्पेंटाइनचा वास खरं बोलायचा,
आणि रंगही.

कालिम्नोस बेटावर त्याचा बाप
स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी जायचा.
एकदा घाईनं वर आला
तो कमरेखाली मेलेलाच.
पोरगं म्हणालं, मी खाली नाही जाणार. वर जाईन.
आणि बोटीच्या कागदावर अंगठा उठवून
ओहायोतल्या पोलादाच्या गावात आलं,
नदीवर दोनशे फूट दोराला लटकायला.

अंगठाबहाद्दर.
हा शब्द त्यानं स्वतःच स्वतःला लावला,
हसत, दुसऱ्या कुणी लावायच्या आत.

रोज पाच शब्द उतरवून न्यायचा
सिगारेटच्या पाकिटावर.
सकाळी तुळईवर खडूनं लिहायचा,
दहादा म्हणायचा वाऱ्यात,
मग त्यावरून ब्रश.
म्हणजे तीन राज्यांतल्या पुलांच्या अंगात,
रंगाच्या खाली,
एक अख्खा शब्दकोश आहे.
(हे त्याचं म्हणणं. मी खरवडून पाहिलेलं नाही.)

चर्चच्या तळघरात मुलांची ग्रीक शाळा होती.
पगार थकला तसा मास्तर शिकागोला गेला.
मग हाच उभा राहिला फळ्यापुढे,
मुलांच्या दोन धडे पुढे,
कधी एकच.
बाहेर बेसबॉलचा आवाज आला
की मुलांआधी याचीच मान वळायची.

रविवारी बाया पत्रं घेऊन यायच्या.
थेमेलिनाचं पत्र आलं त्या दिवशी
त्यानं चष्मा पुसला, आणि वाचलं :
सगळे खुशाल आहेत. अंजिरं पुष्कळ आली.
चौथ्या रात्री तिचं दार वाजवलं.
म्हणाला, मी नीट वाचलं नव्हतं. परत दे.
आणि तिच्या आईचं मरण
एकेक अक्षर लावत वाचलं,
अंजिरांसकट.
अंजिरांचं खरंच लिहिलेलं होतं.

मला हे सांगताना म्हणाला,
वाचता यायला लागलं
की खोटंही वाचता येतं, मिस.
हे कुठल्या धड्यात नव्हतं.

त्याच थेमेलिनाचा नवरा पुढे पुलावरून पडला.
टोपी घरोघर फिरली; आमच्याही दारात.
बापानं दोन डॉलर टाकले,
मग दार लावता लावता परत उघडून आणखी एक.
हिशेबाची वही साकेलारिसकडे :
वाकडं अक्षर, सेंटाची चूक नाही.

नागरिकत्वाच्या अर्जावर
सही करायला त्याला दीड मिनिट लागलं.
मागची रांग खाकरत होती.
कारकून म्हणाला, नुसती फुली चालेल.
तो म्हणाला, मला नाही चालणार.

गिरणी बंद पडली, मुलं टेक्सासला गेली,
शाळेच्या तळघरात आता
मोडक्या खुर्च्या आणि पाण्याचा पंप.
तो गेला त्या फेब्रुवारीत
दफनाला चौदा माणसं होतो,
त्यातल्या नऊजणांना त्यानं अक्षर शिकवलेलं,
एकीला हात न पुसता पुस्तक हाताळणाऱ्याकडे
डोळेझाक करायला.

पान दिव्याखाली धरते.
तेवीस नंबरचा बल्ब, पिवळट.
अंगठ्याखाली कोणता शब्द आहे
तो काही केल्या दिसत नाही.
वरचा दिसतो, खालचा दिसतो.

नखानं खरवडून बघावं का?

शिक्क्याची शाई वाळत चाललीय.
अजून चार खंड उरलेत.