पाचवा रकाना

बाजाराच्या दिवशी पारोळ्यात
माझ्या दुकानाच्या पायरीवर चपलांना जागा उरत नाही.
आत बियाणं, खत, पंपाचं नोझल,
आणि काउंटरवर चॉकलेटच्या बरणीला लागून
गुलाबी वड्या.
बावीस वर्षं त्या तिथेच होत्या.
दिसायला नारळाच्या बर्फीसारख्या,
वासाला शेंगदाण्याच्या.
उंदराला आवडतं ते पोराला का आवडू नये,
हे कंपनीच्या माणसाने कधी विचारलं नाही.
मीही नाही.
तो दर दिवाळीला कॅलेंडर द्यायचा.

दगूबाई सोनवणे आली तेव्हा गर्दी होती.
"भाऊ, उंदरं भलता जयात,
कोठीमानी दादर खाई टाकी."
मी दोन वड्या सुट्या दिल्या, कागदात बांधून,
आणि नातवासाठी एक टॉफी.
त्याच पुडीत.

पहिल्या दिवशी काहीच होत नाही,
हीच तर या औषधाची खुबी.
औषधच म्हणतो आम्ही, गिऱ्हाईकही औषधच मागतं.
उंदीर खातो, फिरतो, रात्री येऊन पुन्हा खातो,
आत रक्त गोठायचं विसरत जातं,
आणि चौथ्या दिवशी तो भरदुपारी अंगणात येतो,
झिंगलेला,
कुणालाही सापडेल असा.

दगूबाईच्या मांजरीला सापडला.
गच्चीवर जुन्या लुगड्यावर बिबडे वाळत होते,
तिथे नेऊन तिने निम्मा खाल्ला.

दुसरा सापडला घुबडाला.
जिनिंगच्या पत्र्याखाली त्यांची जोडी होती,
पांढऱ्या तोंडाची, बदामासारख्या चेहऱ्याची.
लोक त्यांना अपशकुनी म्हणून दगड मारायचे
आणि सकाळी माझ्याकडे यायचे
उंदरांवर काहीतरी द्या म्हणत.
नर गेला. वॉचमनने सुपलीत घालून दाखवला,
चोचीला रक्त, जखम कुठेच नाही.

आणि रुद्र, तीन वर्षांचा.
तो जगला.
हे आधीच सांगायला हवं होतं मी.
आधी हिरड्या लाल झाल्या, मग गुडघ्यावर निळा डाग,
दगूबाई म्हणाली पडला असेल, पोरंच ती.
धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या:
घरात उंदीर आहेत का,
आणि त्यांच्यासाठी काय आणलंय.
मग के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं,
मग कितीतरी आठवडे गोळ्या.

पुढच्या बाजाराला दगूबाईने उरलेली वडी
काउंटरवर ठेवली.
कोपऱ्यावर बारके दात उमटलेले.
"परत लई ले. पैसा नको दिऊ."
एवढंच.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता वड्या पत्र्याच्या पेटीत असतात,
किल्ली माझ्या करदोड्याला.
सुटं देत नाही.
एक रजिस्टर केलंय, शाळेचं, दोनशे पानी:
नाव, गाव, किती, घरात पोर किंवा जनावर,
आणि पाचवा रकाना,
मेलेला उंदीर कोण पुरणार?

आनंदा बडगुजर म्हणाला, "बंदुकीचं लायसन्स देऊ राहिला का रे?"
आणि समोरच्या दुकानातून घेऊन गेला, दहाची पुडी,
कुणी नाव विचारलं नाही.
माझं रजिस्टर म्हणजे रस्त्याच्या एकाच बाजूचा कायदा.
तो दोन्ही बाजूंना करायला
माझी सही पुरत नाही.

काहीजण मात्र थांबतात.
पिंजरा नेतात, बिळात बुजवायला सिमेंट आणि काचेचा चुरा,
कोठीच्या पायांना गुळगुळीत पत्रा.
पाचव्या रकान्यापाशी येऊन पेन चावतात.
एका म्हातारबांनी लिहिलं, "मी."
दुसऱ्या कुणी लिहिलं, "बायको."
बहुतेक रिकामेच.

काल रात्री लाईट गेली होती.
शटर ओढताना जिनिंगच्या पत्र्यावर
काहीतरी खरखरलं.
उंदीर असेल,
नाहीतर ती, एकटी उरलेली.
खिशात बॅटरी होती.
मारली नाही.