सत्तर अक्षरं

मस्कतहून फाईल आली. राष्ट्रीय आराखडा, भाग चार:
'असुरक्षित घटकांपर्यंत पूर्वसूचना.'
बद्रिया म्हणाली, बांगला झाली, तेलुगू झाली,
मल्याळम तर तिघांनी केली.
मराठी तुझ्याकडे.
सत्तर अक्षरांत बसव, एका मेसेजात तेवढीच मावतात.
आणि मशीन काना-मात्राही वेगळी मोजतं.

मी नकाशे काढणारा.
सुवैकच्या या कचेरीत सहा वर्षं
पाणी कुठवर चढेल त्याच्या रेघा मारतो,
पिवळी, केशरी, लाल.
भाषेचं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं.

अरबीत पहिलंच वाक्य: वादीतून बाहेर पडा.
वादी म्हणजे नदी, जिच्यात नदी नसते.
गोटे, काटेरी समुर, बकऱ्या, टायरच्या खुणा
आणि काही वर्षांतून एकदा, तासभर,
डोंगराने सोडलेलं सगळं पाणी.
ढग तिकडे फुटतो. इथे तेव्हा ऊन असतं,
म्हणून कुणी उठत नाही.

मी लिहिलं: वाडीतून बाहेर पडा.
आणि थांबलो.
आमच्याकडे वाडी म्हणजे सोळा घरं, माड, पाटाचं पाणी.
वाडीतून बाहेर पडा, असं आम्हाला
एकदाच कुणी म्हणालं होतं, धरणाच्या नोटिशीत.

मग ओढा लिहिलं. पण ओढ्यात पाणी दिसतं तरी.
नाला लिहावं तर गटार वाटतं.
व्हाळ लिहावं तर यवतमाळचा फिटर विचारेल, काय?
कोरडी नदी, यात एक शब्द दुसऱ्याला खोटं पाडतो.

गुरुवारी संध्याकाळी कॅम्पवर गेलो.
वाटेत खलफानच्या खजुरीच्या बागेची भिंत,
तिच्यावर त्याच्या बापाने कोळशाने ओढलेल्या तीन रेघा.
सगळ्यात वरची माझ्या खांद्याला लागते.
माझ्या नकाशात तिथे गुडघाभर पाणी आहे.
खलफान काही बोलला नाही, फक्त रेघेवर बोट ठेवलं,
मग कॉफी ओतली.

कॅम्प लालमध्ये येतो.
नकाशात तो नाही. परवाना तात्पुरता आहे,
गेली अकरा वर्षं.
लवू घाडी कांदा चिरत होता. वेल्डर, कुडाळकडचा.
विचारलं, या जागेला काय म्हणता तुम्ही?
'आम्ही वाडीच म्हणतंव,' म्हणाला, आणि हसला.
कंटेनरच्या मागे, एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्यावर
त्याने शेवगा लावलाय. कमरेइतका झालाय.

रात्री दोनला मेसेज आला तर काय करशील?
'पयली शेठची मशीन वर काढतलंय. तीनशे रियालाची आसा.'
मग?
मग विचारात पडला. सुरी थांबली.
पासपोर्ट शेठच्या कचेरीत,
बस आराखड्याच्या नवव्या कलमात,
ड्रायव्हर सोहारला.
'मग तू सांग,' म्हणाला.

घरी येऊन पहाटेपर्यंत खोडत बसलो.
शेवटी उरलं ते हे:

पाणी येतंय. आत्ता उठा. डोंगराकडे चाला. सामान सोडा.

पन्नास. वीस उरली.
बद्रियाने वाचून घेतलं, अर्थ विचारला.
वादी कुठे गेली यात?
म्हटलं, काढली. आपण कुठे झोपलोय ते त्यांना ठाऊक आहे,
ठाऊक नाही ते आपल्याला.
ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली.
मग लाल रंगाच्या मधोमध पेन्सिलीने
एक चौकोन काढला. आत आकडा:
दोनशे चाळीस माणसं.
परवान्याचं बघून घेऊ, म्हणाली.

रविवारी अकराला चाचणी झाली.
सगळ्या भाषांचे मेसेज एका मिनिटात गेले,
मस्कतहून शाबासकी आली.
लवूचा फोनही वाजला, लॉकरमध्ये.
साइटवर फोन न्यायला बंदी आहे,
सुरक्षेसाठी.

भाग चारच्या खाली मी हाताने लिहिलं:
शिवाय, प्रत्येक कंटेनरला एक शिट्टी.