केटिल म्हणजे किटली

आमच्या भाषेत केटिल म्हणजे किटली.
आजोबांचं नाव होतं, मग माझं झालं.
आइसलंडात आडनाव सहसा नसतंच,
बापाच्या नावाला मुलगा किंवा मुलगी जोडली की झालं.
म्हणजे मला पोर झालं तर ते
किटलीचा मुलगा, नाहीतर किटलीची मुलगी.
शाळेत यावर सगळ्यांचं हसून झालं होतं.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"पुढे मुलं हवीत का?"
मी एकोणीस वर्षांचा. मानेत सुपारीएवढी गाठ.
कपडे अजून आई धुते.
मी म्हटलं, "किती वाजेपर्यंत सांगायचं?"
सोमवारी औषध सुरू होणार होतं.
ते गाठ मारतं,
आणि वाटेत जे जे वाढू पाहतंय, तेही.

मे महिना. गोठ्यात व्यायला आलेल्या दोनशे मेंढ्या.
या दिवसांत बाबा स्वतःच्या आईच्या मयतीलाही
गोठ्यातल्याच बुटांनी गेले होते,
तासाभरात परत.
त्यांनी शेजारच्या थोर्गिल्सच्या हातात किल्ल्या दिल्या
आणि गाडी काढली.
रेक्याविकपर्यंत साडेतीन तास:
हवामान, डिझेलचा भाव.
समुद्राखालच्या बोगद्यात तेही नाही.

दवाखान्यातल्या त्या खोलीत मला जमलं नाही.
दाराबाहेर कुणीतरी प्रिंटरशी भांडत होतं.
नर्स म्हणाली, होतं असं. घरून आणा.
पण तासाभरात, आणि गार होऊ देऊ नका.
मग स्तेइनव्होर मावशीचं घर.
"पाव संपलाय," म्हणत ती बाहेर पडली,
ओट्यावर दोन पाव दिसत असताना.

मी डबी हातात धरून गाडीत बसलो.
खोकल्याच्या बाटलीपेक्षा लहान. वर माझं नाव, वेळ.
बाबांनी एकदाच पाहिलं.
"हातात नको. स्वेटरच्या आत घाल, काखेत.
गारठलेलं कोकरू आणतो तसं."
आणि हीटर इतका वाढवला
की काचा धुरकटल्या, दोघं घामाघूम,
आणि प्रत्येक लाल दिव्याला बाबांनी त्या शिव्या दिल्या
ज्या मी फक्त
पोटात आडव्या आलेल्या कोकराच्या वेळी ऐकल्यात.

फॉर्मवर एक चौकट होती: तुमचा मृत्यू झाल्यास.
मी 'नष्ट करावे' वर खूण केली.
बाबा खांद्यावरून वाचत होते.
बोलले नाहीत. पेन मात्र
दवाखान्याचं, खिशात घालून निघाले.

वॉर्डात समोरच्या पलंगावर आल्फरून.
चोवीस वर्षांची. तिच्या रक्ताला सोमवारचाही धीर नव्हता,
मंगळवारी कळलं, बुधवारी सुई.
तिला कुणी विचारलं नाही.
किंवा विचारलं असेल, तापात ऐकू आलं नसेल.
मी डबीची गोष्ट रंगवून सांगितली.
ती टोपी घसरेपर्यंत हसली
आणि मग भिंतीकडे वळली.
मला जीभ चावून टाकावीशी वाटली.

समुपदेशक बाई येऊन पत्रक ठेवून गेल्या.
पत्रकावर सूर्यास्त होता.
इथे जूनमध्ये तो धड होतही नाही.
पहाटे दोनच्या उजेडात ती म्हणाली,
"केटिल, झोपलास?"
"नाही."
"सांग परत. हीटरपासून."
मी सांगितलं.
ती रडत होती आणि मध्येच दुरुस्त करत होती,
"मघाशी दिवे चार होते."
तिसऱ्या रात्री ते नऊ झाले.

सहा वर्षं झाली.
जानेवारीत फ्रीझरच्या भाड्याचं बिल येतं.
आल्फरूनला त्याचा फोटो पाठवतो,
ती फक्त आकडा पाठवते. यंदा सतरा दिवे.

बाबा फोनवर आधी मेंढ्यांचं सांगतात,
मग घसा खाकरून:
"ते... गारच ठेवतात ना अजून?"
"गारच हवं असतं आता, बाबा."
"हं," म्हणतात.
पटत नाही त्यांना.