नाव

क्लाक्सविकच्या बंदर कचेरीत हीटरवर मोजे वाळत घालून
सुन्निवा सर्व्हरची फाइल उघडते.
बदलायची एकच ओळ. प्रमाणपत्राबाबत इतकी वर्षं होतं:
असलं तर दाखवा.
आता: दाखवल्याशिवाय आत नाही.

मागच्या खेपेला साखळीतली मधली कडी राहिली होती.
चव्वेचाळीस बोटी रात्रभर दाराशी,
कुणालाच आपल्या पेट्यांचा आकडा सांगता येईना,
आणि सकाळी धक्क्यावरची माणसं तिच्याकडे अशी बघत होती
जणू पेट्यांतला बर्फ हिनंच वितळवला.

म्हणून आज तीनदा तपासणी.
सर्व्हर म्हणतो, व्याकरण ठीक आहे.
अर्थाबद्दल तो कधीच काही बोलत नाही.

मग लॉग वाहू लागतो.
बोट हाक देते. सर्व्हर आधी स्वतःची ओळख सांगतो,
मग विचारतो, आपण कोण?
दोन वाजून सतरा मिनिटं.
बोट तेर्ना. धारक याल्ग्रिम. मुदत मार्चअखेर.
ओळख पटली.

याल्ग्रिमला पुरून बारा दिवस झाले.
चर्चमागच्या खोलीत हिनंच कॉफी ओतली होती,
कप कमी पडले होते.

किल्ली त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये,
पासवर्ड झाकणाच्या आत चिकटपट्टीवर,
लॅपटॉप पोराच्या मांडीवर, साठ मैल उत्तरेला.
सही खरी, साखळी खरी, तारीख खरी.
गणित कुठंच चुकलेलं नाही.

रद्द करायला कारण द्यावं लागतं.
किल्ली चोरीला गेली.
संस्था बदलली.
नवं प्रमाणपत्र दिलं.
काम संपलं.
मेला, असा पर्याय नाही.

ती थांबते. हॅडॉक, एकशे अठरा पेट्या,
आकडा पूर्ण येऊ देते.
मग 'काम संपलं' निवडते
आणि सर्व्हरला यादी पुन्हा वाचायला लावते.
नाव रद्द झालं.
नाव अजून समुद्रातच आहे.

दुपारी ताइतुर येतो, हाताला डिझेलचा वास.
किल्ली तुझी तूच बनव, ती म्हणते,
मलाही दाखवायची नाही,
फक्त अर्जात पूर्ण नाव लिही.

तो दोन बोटांनी टाइप करतो.
घरचं आडनाव नाही, जुन्या रीतीनं:
ताइतुर याल्ग्रिम्सन.

ती स्पेलिंग तपासते. हळू वाचते.
मग सही करते.