चार बोटं

कोंब दिसला की माणसाचा हात झारीकडे जातो.
लुंग प्रासर्त म्हणायचे, त्या हाताला
दुसऱ्या हाताने धरून ठेवायचं.

राचबुरीच्या आमच्या शेडमध्ये
कॅटासेटमची पानं डिसेंबरात पिवळी पडतात,
मग गळतात, मी झाडून काढते.
उरतात नुसते कंद, राखाडी पापुद्र्यातले,
गाडीच्या तळाशी राहिलेल्या आल्यासारखे.
गिऱ्हाईक विचारतं, मेली का?
आम्ही नाही म्हणतो. पटवत बसत नाही.

फेब्रुवारीत बुडाशी हिरवा ठिपका येतो,
मिरचीच्या टोकाएवढा.
तो थोरल्या कंदाचं साठवलेलं पितो,
थोरला सुरकुतत जातो.
पहिल्या वर्षी मला नाहीच बघवलं.
चाळीस कुंड्यांना चोरून पाणी घातलं,
रात्री, मोबाइलच्या उजेडात.
आठवड्यात कोंब काळे.
लुंग ओरडले नाहीत.
मूठभर ओली कुज माझ्या हातावर ठेवली,
म्हणाले, वास घे.

नियम साधा होता. मुळं आधी.
पारदर्शक कपाच्या भिंतीवर ती उतरताना दिसतात,
पांढरी, टोकाशी पोपटी.
चार बोटं भरली
आणि पहिलं पान उलगडलं, की पाणी.
त्याआधी थेंब नाही.

कोणाची चार बोटं, हे मी कधी विचारलं नाही.

ते मार्चच्या सतराला गेले.
विहारात चटईवर निजवलं त्यांना,
उजवा हात चादरीबाहेर काढून ठेवला,
आणि आम्ही रांगेने त्या तळव्यावर
जाईचं पाणी ओतलं, रीतीप्रमाणे.
डाव्याचं एक बोट उसाच्या चरकात गेलेलं.
उजवा मात्र पुरा, फावड्यासारखा.
माझी वाटी रिकामी झाली तरी मी हलले नाही,
माझा पंजा त्यांच्या बोटांना लावून पाहिला.
त्यांची चार म्हणजे माझी साडेपाच.
त्यांच्या बायकोने, बुआलोयनी, ते पाहिलं.
बोलल्या काही नाहीत.

एप्रिलमध्ये सोंगक्रान.
रस्ताभर बादल्या, पाइप, बर्फाच्या पाण्याची पिंपं,
पोरं दिसेल त्याला भिजवत सुटलेली.
मी शेडला आतून कडी घातली,
प्लास्टिक ओढून घेतलं,
तीन दिवस बाराशे कुंड्या राखल्या.
भात आणायला गेले तेवढ्यात मी नखशिखांत ओली.
आत येऊन दारातच उभी राहिले, निथळून होईपर्यंत.

बँकॉकहून आलेला मुलगा, थवत, म्हणाला,
चाळीस अंश तापलंय,
अजून कोरडं कशाला?
मी एक कप उजेडात धरला.
त्याने बोटं लावली. चार भरली की, म्हणाला.
कोणाची? मी विचारलं.
त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं,
कॉम्प्युटरवर काम करणारा, निमुळता हात,
आणि कप परत दिला.

आज दोन मे.
एकशे ऐंशी कुंड्यांत माझी साडेपाच भरली,
पानं उलगडलीत, अजून घड्या न मोडलेली.
बाकीच्या मागच्या फळीवर, त्यांचं चालू दे.
बुआलोयनी झारी भरून आणली
पण माझ्या हातात दिली नाही.
आधी आपली वाळकी बोटं कपाला लावली,
ओठांत मोजलं.
सात, म्हणाल्या.
मला तो नेहमी सातच सांगायचा.

मग झारी माझ्याकडे सरकवली.